कोशातलं खोटं क्रियापद

जर्मन बोलींच्या कोशासाठी म्हाताऱ्या सुताराने तीनशे क्रियापदं सांगितली होती. ओलं लाकूड चिरायचं क्रियापद वेगळं, वाळलेलं चिरायचं वेगळं. त्यातली निम्मी दुसऱ्या कुठल्याच गावाला ठाऊक नव्हती. ती टिपून घेणाऱ्या थोरल्या बाई निवृत्त झाल्या, आणि कार्डं तपासताना नव्या संपादिकेच्या मनात पाल चुकचुकली.

ती थेट त्याच्या दारात गेली. अशा परीक्षेसाठी कार्यालयात एक बनावट क्रियापद ठेवलेलं होतं. त्याला जो हो म्हणेल, त्याची सगळी कार्डं बाद व्हायची. गप्पांच्या ओघात तिने ते हळूच पुढे सरकवलं.

"हो तर! आमची आई रोज म्हणायची."

"अर्थ काय त्याचा?"

"रंधा उलटा मारणं."

तिने पेनाला टोपण लावलं. "आजोबा, हा शब्द आम्हीच रचलाय. आता तुमचे तीनशेच्या तीनशे शब्द जाणार."

म्हातारा ओशाळला. "पोरी, थोरल्या बाईंनीही शेवटी हेच विचारलं होतं. तेव्हा नाही म्हणालो. त्या पुन्हा फिरकल्याच नाहीत. मला वाटलं, माझ्या 'नाही'मुळेच."

"ही आणखी एक थाप नाही कशावरून?"

"माझं नको ऐकूस. त्यांची वही बघ."

संध्याकाळी तिने कपाटातून वही शोधून काढली. बनावट क्रियापदापुढे बाईंच्या अक्षरात स्पष्ट 'नाही' होतं. तीनशे कार्डं तिने खणात परत लावली. मग म्हाताऱ्याला पत्र लिहिलं: रविवारी येते, काहीही विचारणार नाही.