ढलप्यांचं खोकं

हिल्काला यंदा ही शर्यत पुरी करायचीच होती. दीडशे किलोमीटर, बेचाळीस तास, कमरेला बांधलेली सामानाची स्लेज आणि सगळी वाट बर्फातली. दोनदा तिला शेवटच्या ठाण्यावर उशीर झाला म्हणून बाद केलं होतं. बाद झालेल्यांना बसमधून गावी आणतात. शाळेच्या ज्या स्वयंपाकघरात ती काम करायची, तिथल्या बायकांना तेवढं पुरे होतं. "हिल्का, बसमध्ये खिडकीची जागा धरलीस ना?" हे वर्षभर ऐकून तिचे कान किटले होते. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. यंदा नाही तर कधीच नाही, असं तिनं नवऱ्याला बजावून सांगितलं होतं.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ती तळ्याकाठच्या लाकडी खोपीत पोचली. शेवटचं ठाणं इथून बारा किलोमीटर, आणि ते दुपारी बाराला बंद होणार होतं. म्हणजे इथं अर्धा तास थांबूनही हाताशी तासभर जास्तीचा होता. तिनं लोखंडी चूल पेटवली, बर्फ वितळवून पाणी केलं, वाळवलेलं मांस चघळलं. घाईत चुलीजवळच्या खोक्यातल्या सगळ्याच ढलप्या तिनं चुलीत कोंबल्या होत्या. मग टेबलावरच्या वहीत नाव आणि वेळ लिहिली आणि उठली.

आता खोपीची रीत अशी, की निघणाऱ्यानं पुढच्यासाठी ढलप्या फोडून खोकं भरायचं. गारठलेल्या हातात कुऱ्हाड धरवत नाही, काडी मात्र ओढता येते. इथल्या पोरांना हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. हिल्कानं रिकाम्या खोक्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. मागं फक्त तायस्तो राहिला होता. सदुसष्ट वर्षांचा, जंगलखात्यातून निवृत्त झालेला. अकरा वेळा शर्यत पुरी केलेला आणि अकराही वेळा शेवटचा आलेला.

"त्याला काय धाड भरलीये? जन्मभर लाकडंच तर तोडली," असं स्वतःशीच पुटपुटत ती सव्वाआठला बाहेर पडली.

तळ्यावर दीडेक किलोमीटर गेली असेल नसेल, तोच तिचा उजवा पाय खचकन आत गेला. वरून भुसभुशीत बर्फ, खाली घट्ट बर्फ, आणि दोन्हींच्या मध्ये साचलेलं पाणी. पाय पोटरीपर्यंत भिजला. उणे अठ्ठावीस होतं. ओल्या बुटानं साडेदहा किलोमीटर जायचं म्हणजे बोटांवर पाणी सोडायचं, हे सांगायला तिला कोणी लागत नव्हतं. शिव्या घालत ती मागं वळली.

बुटाची नाडी सोडायला तिनं हातमोजा काढला होता, तो हातही लाकूड झाला. अर्ध्या वाटेवर तिला खोकं आठवलं. चूल एव्हाना निवली असणार, आणि या हातानं कुऱ्हाड कशी उचलायची? आई गं, काय करून बसले मी!

खोपीच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"ये, ये! मला गाठायला उलटी कशाला आलीस?" तायस्तो म्हणाला. मग तिचा बूट बघून त्याचं हसणं थांबलं. त्यानं तिला बाकावर बसवलं, मोजा ओढून काढला आणि तिचं पाऊल सरळ आपल्या स्वेटरखाली, उघड्या पोटावर धरलं. "देवा, मासा आहे का पाय?"

"तुम्हाला उशीर होईल, तायस्तो."

"मला काय घाई? शेवटचा नंबर माझाच ठरलेला." चुलीत ढलप्या टाकत तो कुरकुरला, "कोणी मेल्यानं खोकं रिकामं ठेवलं होतं बघ. दक्षिणेकडचा असणार. शहरातल्या लोकांना कुठली आलीये अक्कल!"

"असेल," हिल्का म्हणाली. तिला वर बघवेना.

बूट लवकर वाळावा म्हणून त्यांनी चूल धडाडून पेटवली. तायस्तोनं फोडलेल्या सगळ्या ढलप्या त्यात गेल्या. बोटांना रग लागून ती लाल झाली तेव्हा त्यानं स्वेटर खाली ओढला. "कोरड्या मोज्यावर प्लास्टिकची पिशवी चढव आणि नीघ. वेळेत पोचशील," असं सांगून नऊ वाजून दहाला तो गेला.

साडेनऊला हिल्का तयार झाली. आत्ता निघाली तर अगदी काठावर पोचली असती. हातमोजे उचलताना तिची नजर वहीवर गेली. तिचंच अक्षर: हिल्का, ७:४५. आणि लगेच त्याच्याखाली: तायस्तो, ८:२५. चूल गरम मिळाली. आभार.

म्हणजे म्हाताऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं.

लाजेनं तिचे कान तापले. मागं आता कोणीही नव्हतं. आठवडाभर इकडं माणूस फिरकला असता की नाही कोण जाणे. तिनं कुऱ्हाड घेतली. हात नीट वळत नव्हते, दोन घाव चुकीचे पडले. खोकं काठोकाठ भरायला पंधरा मिनिटं लागली. वहीत आपल्या नावापुढं तिनं लिहिलं: खोकं रिकामं ठेवून गेले होते. आता भरलं.

मग मात्र ती जीव तोडून पळाली.

ठाण्यावर शर्यतीच्या कामावरची व्हिएनो यादी घेऊन उभी होती. तिनं हिल्काच्या छातीवरचा नंबर हळूच सोडवून घेतला. "अकरा मिनिटं, बाई. फक्त अकरा! करत काय होतीस इतका वेळ?"

"लाकडं फोडत होते."

"कुणासाठी? तुझ्या मागं कोणीच नव्हतं."

"येईल कोणीतरी," हिल्का म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. व्हिएनोनं तिच्या हातात गरम सूप दिलं. बस बाहेर उभीच होती.