दोघांपुरता बोळ

मी बोळ बोलतोय. रस्ता नव्हे, गल्लीही नव्हे, बोळ. माझा आवाज जरा घुमतो, तेवढं सांभाळून घ्या.

शहराच्या जुन्या भागात, वेशीच्या दगडी कमानीतून कारंज्याच्या चौकाकडे आलात, की डाव्या हाताला दोन उंच भिंती दिसतील. त्यांच्या मधली जागा म्हणजे मी. मला कुणी मुद्दाम बांधलं नाही. दोन सख्ख्या भावांनी शेजारीशेजारी घरं बांधायला काढली आणि सामाईक भिंतीवरून त्यांचं बिनसलं. एक म्हणाला, "तुझी भिंत तुला लखलाभ." दुसरा म्हणाला, "मग माझी मला." झालं. दोघांनी आपापली भिंत आपापल्या हद्दीत घेतली आणि मधे मी उरलो. पुढे भाऊ गेले, त्यांची नातवंडंपतवंडं पांगली, घरं कितीदा तरी विकली गेली. मी आपला तिथेच. अंगावर काळ्या फरशा, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या. ऊन दुपारचं घटकाभर आत डोकावतं आणि काम असल्यासारखं निघून जातं.

एकट्या माणसाला माझ्यातून ऐसपैस जाता येतं. दोघं शेजारी चालली, की खांद्याला खांदा लागतो. तिघांना जमत नाही. म्हणूनच असेल, पण जोडप्यांचा मी लाडका आहे. वेशीपासून निघायचं, कारंज्यापाशी जरा टेकायचं, माझ्यातून पलीकडे जायचं आणि नदीच्या पायऱ्यांवर बसायचं, अशी इथल्या फिरण्याची वाट ठरूनच गेली आहे. चौकातून तणतणत आलेलं जोडपं माझ्या तोंडाशी थबकतं. पुढे कोण, मागे कोण? जो रुसलेला असतो तो ताडताड पुढे निघतो, आणि निम्म्यात पोचला की त्याची पावलं उगाच हळू होतात. कुणी इथे पहिल्यांदा हात धरतं. कुणी धरलेला हात समोरून माणूस दिसला की सोडून देतं आणि भिंतीकडे बघत चालतं, जणू भिंतीचीच पाहणी करायला आलंय.

अशी कितीतरी आली-गेली. पण तुम्हाला सांगायचंय ते एकाच जोडप्याबद्दल.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, तो छापखान्यात मशीनवर. नवीन लग्न झालेलं. घरी दोन खोल्या. त्यात सासू-सासरे, दोन दीर आणि सासऱ्यांची बहीण, म्हणजे त्याची आत्या. आत्यांना दिसायचं कमी, पण कान असे तिखट, की पलीकडच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी विचारायच्या, "काय गं, झोप नाही का येत?" अशा घरात नवराबायकोनं बोलायचं कुठे? मग संध्याकाळी कामावरून आला की तो म्हणायचा, "जरा पाय मोकळे करून येतो आम्ही." दिवसभर मशीनपाशी उभा राहिलेला माणूस पाय मोकळे करायला निघालाय म्हटल्यावर घरातले सगळे हसू दाबायचे.

चौकापर्यंत दोघांत हातभर अंतर असायचं. माझ्यात शिरल्यावर ते ठेवायचं म्हटलं तरी ठेवता यायचं नाही. तुम्हाला वाटेल, गोड गोड बोलत असतील. छे. "धाकटे भावोजी माझा साबण वापरतात. तुम्ही सांगा ना त्यांना." "आत्याचं मनावर घेऊ नकोस गं, तिला आपल्याशिवाय कोण आहे?" असलं बोलणं. एकदा तिने विचारलं, "आपल्याला वेगळी खोली घेता येईल का हो?" त्याने मनातल्या मनात पगाराचा हिशेब केला. मग म्हणाला, "घेऊ. मला थोडी सवड दे." आणि घेतलीही. मूल होणार असल्याचं तिने त्याला सांगितलं तेही माझ्यातच. तो मटकन भिंतीला टेकला. घरी गेला तेव्हा शर्टाची पाठ चुन्याने पांढरीफटक झाली होती.

बघता बघता मुलगी मोठी झाली, तिचं वेगळं बिऱ्हाड झालं. दोघं निवृत्त झाली. मशीनच्या खडखडाटानं मात्र त्याचे कान हळूहळू नेले होते. आणि तिचा आवाज तो टेलिफोनवरचा. मऊ, खालच्या पट्टीतला. ओरडून बोलणं तिला कधी जमलंच नाही. ती म्हणायची, "उद्या मुलीकडे जायचंय." तो म्हणायचा, "हो, मीठ जरा जास्तच पडलंय." सुरुवातीला दोघंही हसली. पुढे हसू आटलं. कानाच्या मशीनचं नाव काढलं की तो तोंड फिरवायचा आणि नंतर कशालाही नुसतं "हो, हो" म्हणायचा. हे सगळं मला कळलं, कारण एकदा मायलेकी माझ्यात उभ्या राहून बोलत होत्या. फिरायला येणं तर केव्हाच थांबलं होतं. ती एकटीच यायची, भाजीची पिशवी घेऊन, आणि भरभर निघून जायची. ती पावलं ऐकून मला करमायचं नाही.

मुलीचं काम पाहुण्यांना शहर दाखवण्याचं. तिने खास जोडप्यांसाठी संध्याकाळचा एक फेरफटका काढायचं ठरवलं. वाट तीच, जी तिने लहानपणापासून आईबापांकडून ऐकली होती. पहिल्या दिवशी माणसं कमी पडायला लागली, तेव्हा तिने या दोघांनाच ओढून आणलं.

"या वयात? लोक हसतील," आई म्हणाली.

"हसू देत. तू नुसती चाल."

माझ्या तोंडाशी सगळे आल्यावर मुलगी म्हणाली, "इथून एकेका जोडीनं जायचं. आणि जाताना एकमेकांना एक गोष्ट सांगायची, आजवर न सांगितलेली." आधी एक तरुण जोडपं गेलं, खुसुखुसू हसत. त्यांच्यामागून ही दोघं आली.

निम्म्यात पोचल्यावर समोर बघतच ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "मी माझ्या ताईकडे राहायला जाणार आहे. परत यायचं की नाही, ते अजून ठरवलं नाही. घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही."

त्याला ऐकू जाणार नाही, याच भरवशावर ती बोलली होती. पण माझ्या भिंती उंच आणि अगदी जवळजवळ. इथला शब्द इकडेतिकडे सांडत नाही. तो थांबला.

"कधी जाणार?"

तिने वळून बघितलं. "तुम्हाला ऐकू आलं?"

"इथे येतं."

ती म्हणाली, "आणि घरी? घरी का नुसतं हो हो करता?"

"दोनदा विचारतो, काय म्हणालीस. तिसऱ्यांदा विचारलं की तुझ्या कपाळाला आठी पडते. ती मला बघवत नाही. म्हणून हो म्हणून मोकळा होतो."

"मग मशीन का लावत नाही?"

"ते लावलं म्हणजे म्हातारा झालो."

"झालातच की. मी काय तरुण राहिलेय?"

तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "ताईकडे जाऊ नकोस, असं म्हणायचं माझं तोंड नाही. जा. पण परत यायचं की नाही, ते मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यावर ठरव. एवढं ऐक माझं."

मागून मुलीची हाक आली, "आई, बाबा, बाकीचे खोळंबलेत."

"खोळंबू देत जरा," असं त्यानेच उत्तर दिलं.

ती ताईकडे गेली, बोलल्याप्रमाणे. दिवस जात राहिले, ती काही दिसेना. मी माझ्या मनाची समजूत घातली, की आपलं काम वाट देणं, पुढचं आपल्या हातात नाही. आणि एका संध्याकाळी कमानीच्या बाजूने ओळखीची पावलं आली. त्याच्या कानामागे बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं आणि त्याची कुरकुर चालली होती.

"चमचे किती आपटतेस गं तू. आणि फ्रीज असा गुरगुरतो, हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

ती इतकी हसली, की वरची एक खिडकी उघडून कुणीतरी खाली डोकावलं.

आता ती दोघं बहुतेक रोज येतात. वाटभर बोलून झालेलं असतं, त्यामुळे माझ्यापर्यंत पोचेतो बोलायला काही उरलेलं नसतं. गपचूप जातात, तिचा हात त्याच्या दंडावर. मला त्याचं वाईट वाटत नाही. मुलीच्या फेरफटक्याला गर्दी वाढलीये, माझ्या तोंडाशी नवा दिवा लागलाय. माझं बरं चाललंय.

फक्त एक विनंती. हल्लीची पोरं खिळ्याने माझ्या भिंतींवर नावं कोरतात, मधे बदामाचं चित्र काढतात. चुना ढासळतो आणि मला दुखतं. जे काय असेल ते एकमेकांना सांगा, मला कशाला? त्या दोघांनी इतक्या वर्षांत माझ्यावर रेघसुद्धा ओढली नाही. पण फेरफटक्याच्या त्या संध्याकाळी ती दोघं कुठे थांबली होती, हे कधी विचारावंसं वाटलं तर या. उजवीकडच्या बंद खिडकीखालची, जराशी खचलेली फरशी. ती मी तुम्हाला डोळे मिटून दाखवीन.