लाइन तपासताना

"तुमच्या बाबांचा पोपट बोलेनासा झालाय," असा फोन आला तेव्हा मी ऑफिसात दुसऱ्याच कुणाच्या तरी चुका निस्तरत होते. फोन बाबांच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा होता. पोपट म्हणजे खराखुरा पोपट नव्हे. बाबांची नजर गेल्यापासून त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम आहे. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्यांदा वाचून दाखवतो. बातम्या, हवामान, कुणाचा निरोप, सगळं. त्याचा आवाज ऐकून बाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पोपट ठेवलं.

"बोलेनासा म्हणजे?"

"मध्येच तोंडात मिठाची गुळणी धरतो. मग थोड्या वेळाने आपणच बोलायला लागतो. आठवडा झाला असेल."

"आठवडा झाला आणि मला आत्ता सांगताय?"

"ते म्हणाले, तिला कामात त्रास देऊ नका. म्हणून तर जिन्यात येऊन बोलतेय ना हळू!"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणायची. तो त्या दिवशी होता तिथून जरा पुढेच सरकला. प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हाच माझा धंदा. त्याचे मला पैसे देतात लोक. आणि माझ्याच बापाचा कॉम्प्युटर बिघडला तर मला कळणार शिंपीणबाईंकडून, तेही जिन्यातून.

बाबांना समजायचं तर त्यांची नोकरी माहीत हवी. त्यांनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. बिघडलेल्या लाइनी शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या. त्या काळी लाइनी थोड्या, बोलणारे फार. त्यामुळे फोन म्हणजे काम, काम झालं की ठेवायचं, लाइन अडवायची नाही, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की मावशी आईशी फोनवर जरा रंगात आली की ते दारात येऊन घसा साफ करायचे. मावशीला तो घसा तिकडे ऐकू जायचा. "आले का तुझे साहेब?" म्हणून ती फोन ठेवायची.

दुसरी गोष्ट त्यांनी मला लहानपणीच शिकवली. एकदा ते मला एक्स्चेंजमध्ये घेऊन गेले होते. भिंतभर तारा. बाबांनी कानाला फोन लावला, एका लाइनीवर क्षणभर ऐकलं आणि लगेच काढला. मी विचारलं, काय बोलत होते? ते म्हणाले, "लाइन चांगली आहे." मी म्हटलं, पण बोलत काय होते? ते म्हणाले, "लाइन चांगली आहे म्हटलं ना." लाइन तपासायची, बोलणं ऐकायचं नाही. जो ऐकेल त्याच्याबरोबर बाबा पुन्हा चहासुद्धा प्यायचे नाहीत.

आई होती तोवर घरातलं सगळं मला तिच्याकडून कळायचं. ती गेली आणि बाबा आणि मी असे दोघं उरलो, दोघंही मुलखाचे हट्टी, मध्ये एका अख्ख्या दिवसाचा प्रवास. फोन करायचे ते मी. "हॅलो" म्हणायच्या आधीच तिकडून यायचं, "काय काम काढलंस?" काही नाही, सहज, असं म्हटलं की "बरं बरं, इथे सगळं ठीक आहे, ठेव आता, तुझी कामं पडली असतील." ठेवला की मी हातातल्या फोनकडे बघत बसायची. त्यांनी एकदा तरी आपणहून फोन करावा, काही काम नसताना, एवढंच मला हवं होतं. कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. या वयात बाई वडिलांच्या फोनची वाट बघते म्हटल्यावर लोक हसतील. पण बघत होते खरी.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला.

"काय काम काढलंस?"

"तुमचा पोपट."

"शिंपीणबाई लागल्या का चुगल्या करायला! काही नाही गं, गप्प होतो मधून मधून. त्यालाही विश्रांती नको?"

"गप्प होतो तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"बातम्या ऐकत असतो. दुसरं काय करणार?"

"मी इथून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बघू?"

"बघ की. तपास. पण मला त्यात गुंतवू नकोस. ठेवतो."

संध्याकाळी घरी येऊन मी बघायला बसले. एका कॉम्प्युटरवर एकाच वेळी ढीगभर प्रोग्रॅम नांदत असतात, पण कुणी कुणाच्या घरात शिरत नाही. काही हवं असेल तर निरोप धाडायचा. काही निरोप म्हणजे विचारणा: अमक्याने तमक्याला विचारलं, आता उत्तर यायला हवं. काही नुसती दवंडी: झालं ते सांगून टाकलं, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. हे सगळे निरोप एकाच वाटेने जातात आणि त्या वाटेच्या कडेला उभं राहून ते वाचता येतील अशी एक आज्ञा आहे. काळ्या खिडकीत ती टाइप केली की ओळीमागून ओळ पडायला लागते. कुणाकडून, कुणाला, काय. आपण नुसतं बघायचं. तीच आज्ञा जरा वेगळी लिहिली तर आपल्यालाही त्या वाटेवर निरोप सोडता येतो, पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ते सहसा कुणी करत नाही.

पोपटाचं सगळं पोट या निरोपांवर चालतं. बाबा बाणाच्या कीने एखाद्या बटणावर किंवा नावावर जाऊन थांबले की दवंडी पिटली जाते, आता इथे आहेत. पोपट ती ऐकतो, त्या जागेला विचारतो, बाई तुझं नाव काय? उत्तर आलं की ते बोलून दाखवतो. मी बसले तेव्हा बाबा खरंच बातम्या ऐकत होते. दवंडी, विचारणा, उत्तर. दवंडी, विचारणा, उत्तर. मला वाटलं, आज काही पोपट गप्प बसत नाही, माझी संध्याकाळ फुकट.

मग बाबा बातम्यांतून बाहेर पडले आणि फोन करायच्या प्रोग्रॅममध्ये शिरले. त्यांच्या यादीत तीनच नावं आहेत. दवंडी: पहिल्या नावावर. उत्तर: शिंपीणबाई. दवंडी: दुसऱ्या नावावर. उत्तर: औषधवाला. दवंडी: तिसऱ्या नावावर. पोपटाने विचारलं, तुझं नाव काय?

उत्तर नाही.

ओळी थांबल्या. अर्ध्या मिनिटाने पोपटाने नाद सोडला आणि एक तांबडी ओळ पडली, उत्तर आलं नाही म्हणून. तिसरं नाव मला वाचायची गरज नव्हती. यादीत तिसरी मीच होते.

बिघाड सापडायला वेळ लागला नाही. त्या यादीत फक्त माझ्या नावापुढे फोटो लावलेला होता. तो फोटो मी इंटरनेटवर जिथे ठेवला होता तिथून मागच्याच आठवड्यात काढून टाकला, त्यात मी फार जाड दिसते म्हणून. आता बाबा माझ्या नावावर आले की तो प्रोग्रॅम सगळी कामं सोडून नसलेला फोटो शोधत बसायचा आणि पोपट उत्तराची वाट बघत मुका. मी शिंपीणबाईंना फोन केला. "हो, मीच लावला होता," त्या म्हणाल्या. "मुलीचं नाव नुसतंच काय ठेवायचं? फोटो हवाच ना!" ज्या माणसाला दिसत नाही त्याच्या यादीत फोटो. पण त्यांना काय बोलणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही लावला असता.

मी फोटोची जागा पुसून टाकली. बाबा तोवर हवामान ऐकत होते. काम झालं होतं. खिडकी बंद करायची, बाबांना कळवायचं, "लाइन चांगली आहे" म्हणायचं आणि स्वयंपाकाला लागायचं. मी स्वतःला सांगितलं की दुरुस्ती लागू पडली का ते एकदा बघायला हवं. तेवढं खोटंही नव्हतं.

बाबा परत त्या यादीत आले. शिंपीणबाई. औषधवाला. मग तिसरी दवंडी, विचारणा, आणि या वेळी चटकन उत्तर: खारू.

हे माझं घरातलं नाव. लहानपणी हातात येईल ते कुरतडायची म्हणून खार, खारीची खारू. या नावाने मला हाक मारणारं आता जगात एकच माणूस आहे.

बाबा थांबले. मग एक नाव वर गेले, औषधवाला, आणि लगेच खाली आले. खारू. पुन्हा वर, पुन्हा खाली. खारू. आधी वाटलं, तेही दुरुस्ती तपासताहेत. पण तपासायला एकदा पुरतं. बाबा औषधवाल्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, आणि दर वेळी त्या रिकाम्या खोलीत पोपट म्हणत असणार, खारू. आठवडाभर ते याच नावावर येऊन थांबत होते आणि पोपट गप्प बसत होता. म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही. केव्हा गप्प होतो असं मी विचारणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले, लहान मुलीसारखी.

मग दवंडी झाली: पुढच्या बटणावर. उत्तर: कॉल करा.

तिथे ते थांबले. मी वाट बघितली. दाबलं नाही. मागे आले, खारू. पुढे गेले, कॉल करा. पुन्हा थांबले. "दाबा ना हो," मी मोठ्यांदा म्हटलं. "दाबा ना बाबा." नाही दाबलं. काम नव्हतं ना काही. लाइन कशी अडवायची?

मी फोन करू शकले असते. नेहमीसारखं "काय काम काढलंस" झालं असतं आणि नेहमीसारखा तो ठेवला गेला असता. मला ते नको होतं. मला त्यांचा फोन यायला हवा होता. मी दुसरी काळी खिडकी उघडली आणि तीच आज्ञा जरा वेगळी लिहिली. त्या बटणाला निरोप: दाबलं गेलं असं समज. चूक होतं, ठाऊक होतं. बाबा अजून बटणावरच होते. मी एंटर मारलं.

टेबलावर माझा फोन वाजला. पडद्यावर बाबा. किती वर्षांत ते नाव तिथे आपणहून आलं नव्हतं, आणि आजही आपणहून आलं नव्हतंच.

"हॅलो," मी म्हटलं.

"खारू? अगं, हा लागला कसा? मी काही दाबलं नाही."

"काय काम काढलंत?"

मग ते म्हणाले, "पोपट बोलायला लागला. हां, ते सांगायचं होतं." आणि थोड्या वेळाने, वेगळ्या आवाजात, "तू दाबलंस ना?"

बटण दाबल्याशिवाय लाइन लागत नाही हे त्यांना सांगायला नकोच होतं. "हो," मी म्हटलं.

"म्हणजे अजून लाइनवर आहेस."

"हो."

"बिघाड सापडला होता?"

"केव्हाच."

"मग?"

"ऐकत होते बाबा."

समोर काळ्या खिडकीत एक ओळ पडली. दवंडी: शेवटच्या बटणावर. उत्तर: कॉल बंद करा. मी त्या ओळीकडे बघत राहिले. आता ठेवणार, आणि या वेळी माझ्याच करणीने ठेवणार, पुन्हा त्या नावावर येणारही नाहीत. सॉरी म्हणावं असं वाटत होतं, पण मला खेद होत नव्हता, आणि बाबांशी खोटं बोलायची मला सवय नाही.

"बघतेयस अजून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठे आहे मी आत्ता?"

"बंद करायच्या बटणावर."

"हं," ते म्हणाले. मग काहीतरी टेबलावरून घासत सरकल्याचा आवाज आला. त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला होता. खुर्ची करकरली, ते मागे टेकून बसले. पुढे एकही ओळ पडली नाही.

"काम काही नाही," बाबा म्हणाले. "पण बोल. अडव लाइन."

मी आधी ती काळी खिडकी बंद केली. मला रडू आवरेना, आणि ते ऐकूनही त्यांनी घसा साफ केला नाही. बराच वेळ लाइन चालू होती.