तानुबाईचे बुडखे

संध्यानं बादलीतला तुकडा अकराव्यांदा बाहेर काढला आणि अंगठ्यानं कड दाबून पाहिली. मऊ! सकाळी दगडासारखा टणक असलेला बोर्ड चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुगला होता.

दर्यापूरबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती पऱ्हाटीचे, म्हणजे कापूस वेचल्यावर शेतात उरणाऱ्या झाडांचे, बोर्ड बनवायची. काड्यांचा भुगा करायचा, त्यात गोंद मिसळायचा आणि गरम प्रेसखाली दाबायचा. सांगायला सोपं, पण त्यापायी चाकणची नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. अकोल्याचे फर्निचरवाले केशवराव उद्या तिसरा नमुना पाहायला येणार होते. आधीचे दोन फुगले होते. हाही फुगला तर आपला रामराम, असं ते हसत हसत सांगून गेले होते. हसत सांगितलेलं जास्त झोंबतं.

बरं, नमुने दाखवायच्या आधी, जानेवारीत बनवलेला पहिला बोर्ड दिवसभर पाण्यात राहूनही ठणठणीत होता. प्रेस तीच, गोंद तोच. संध्यानं गोंद वाढवून पाहिला, आच वाढवून पाहिली, प्रेसवरच्या कुंदनवर विनाकारण खेकसून पाहिलं. तिचा पाय एका जागी ठरेना. फिरता फिरता ती काड्यांच्या ढिगाशी आली आणि थबकली.

भुगा करण्याच्या कामावरची तानुबाई मुळांसकट पऱ्हाटी मशीनमध्ये सारत होती. संध्यानं एक काडी घेऊन फरशीवर आपटली. बुडख्यातून मूठभर काळी माती सांडली. हीच माती भुग्यात जात होती आणि गोंद पीत होती.

जानेवारीत हे बुडखे मशीनमध्ये जातच नव्हते. तानुबाई ते तोडून रोज गाठोड्यात बांधून घरी न्यायची. एके संध्याकाळी संध्यानं सगळ्यांसमोर ते गाठोडं सोडायला लावलं आणि चोरी म्हटलं. तानुबाईनं बुडखे ढिगावर ओतले, पदर झटकला, दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आली. फक्त बोलणं आणि बुडखे तोडणं बंद केलं.

"मावशी, तुमी बुडखे काहून तोडत होत्या?"

"चुलीले. त्याची आग लय टिकते. अन् मातीनं तुया मशीनचं पातं बोथट होते. म्हटलं, दोघींचंबी काम होते."

"मंग मले सांगितलं काहून नाई?"

"तू इचारलं कुठी? तू त चोर म्हणली."

संध्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा, मावशी," ती पुटपुटली.

"जोरानं बोल. त्या दिवशी त शेडच्या बाहीर ऐकू गेलतं."

संध्यानं मशीन बंद केलं. कुंदन आणि बाकीच्या बाया वळून पाहू लागल्या. "मावशीनं चोरी केली नव्हती. माहीच चूक झाली," ती मोठ्यानं म्हणाली. तानुबाईनं कोयता उचलला आणि बुडखे तोडायला बसली. संध्याही शेजारी बसली. दुपारी नवा बोर्ड निघाला, निवला, बादलीत गेला. दोन तासांनी कड दाबली, तर अंगठाच दुखला!

आनंदानं ओरडतच ती ढिगाकडे धावली. तानुबाई घरी गेली होती, आणि बुडखे तिथंच पडले होते.

संध्यानं ओढणीत बुडखे बांधले, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि भर रस्त्यानं तानुबाईचं घर गाठलं. तानुबाई दारातच बसली होती.

"ठेव तिथं," ती म्हणाली. "उद्यापासून मीच नेईन. पन माह्या गाठोड्याची गाठ पुन्ना सोडाले नको लावू."