चाकाचं पाणी

हिवाळ्याच्या तोंडावर मित्रोवचा सण आला की मोरावा नदीकाठची माणसं कोबी आंबवायला पिंपात दाबायला बसतात. विदोसावा, घरच्यांची विदा, मात्र त्या दिवशी पंपाची सेवा करत होती. तिनं खालचं बूच काढून पंपाच्या पोटातलं, दुकानात चाचणीला भरलेलं पाणी थेंबन्‌थेंब ओतून दिलं, टाकीतलं पेट्रोल काढलं, नटबोल्टांना वंगण चोळलं, दोन्ही तोंडांत चिंध्यांचे बोळे कोंबले आणि पंप उचलून थेट पाहुण्यांच्या खोलीत नेला. त्या खोलीत सासूबाईंच्या लग्नातला गालिचा होता. तिथं घरच्या माणसांनासुद्धा वर्षातून दोनदाच प्रवेश.

"पाहुण्यांच्या खोलीत इंजिन!" सासूबाई, क्रुनाबाई, उंबऱ्यातूनच कडाडल्या. "उद्या गाय आणून पलंगावर निजव."

"गाय थंडीनं फुटत नाही, आई. हा फुटतो."

फुटलेला पंप क्रुनाबाईंनीही पाहिला होता. विदाचा नवरा ल्यूबिशा गेला त्या हिवाळ्यात जुना पंप पाण्यासकट अंगणातच राहिला होता. आतल्या पाण्याचा बर्फ झाला आणि ओतीव लोखंडाला बोटभर चीर गेली. चूक विदाचीच होती आणि ती तिला अजून झोंबायची. त्यानंतरची दोन वर्षं तिची मिरची धाकट्या दिराच्या, देसिमिरच्या, पंपावर जगली. देसिमिर माणूस वाईट नव्हता, पण उपकार केला की चार गावांना ऐकू जाईल असा करायचा.

विदानं डुकरं विकून हा नवा पंप आणला तेव्हा तो पोट धरून हसला होता. मग आईसमोरच म्हणाला, "वहिनी, वसंतात जुर्जेवच्या सणाला दुपारची घंटा व्हायच्या आत तुझ्या पाटात पाणी पडलं, तर जमीन तू कर. नाही पडलं तर मी करतो, तू सावलीत बस." त्या भागात शेताचे करार जुर्जेवला सुरू होतात आणि मित्रोवला संपतात, हे सगळ्यांना ठाऊक. विदानं हातावर हात मारून पैज घेतली. जमीन गेली असती तर तिच्याकडे सकाळी उठायला कारणच उरलं नसतं.

हिवाळाभर दर महिन्याच्या एक तारखेला ती पाहुण्यांच्या खोलीत जाऊन इंजिनाची दोरी हलकेच ओढायची, आतलं पाणी रोखणारं सील चिकटून बसू नये म्हणून. क्रुनाबाई दारात उभ्या राहून बघायच्या. फेब्रुवारीत एकदा त्यांनी विचारलं, "आज पहिली तारीख ना? याचं झालं का?" विदाला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

जुर्जेवच्या आदल्या दिवशी तिनं पंप नदीकाठी नेला. सपाट फरशी रुतवली, तिच्यावर पंप बसवून घट्ट आवळला. पाण्यात जाणारा पाइप आखूड ठेवला, आणि नदीपासून पंपापर्यंत सारखा चढता. मध्ये कुठं उंचवटा आला की तिथं हवा दडून बसते. पाइपच्या तोंडाची जाळी गाळापासून हातभर वर टांगली. गावाची समजूत अशी की हा पंप स्वतःहून पाणी ओढतो म्हणजे त्याला काही द्यावं लागत नाही. तसं नसतं. आधी त्याच्या पोटात पाणी भरावं लागतं, मगच तो पाइपमधली हवा बाहेर टाकून नदी वर खेचतो. विदानं संध्याकाळीच त्याचं पोट काठोकाठ भरलं, वरचं बूच लावलं आणि घरी येऊन हात धुतले.

सकाळी बायका वाळुंजाचे हार घालून नदीवर आल्या. पूर्वी या दिवशी त्या पाणचक्कीवर जायच्या. फिरत्या चाकावरून उडणारं पाणी घागरीत धरायचं आणि त्यानं घरच्या लेकींची तोंडं धुवायची, म्हणजे वर्षभराची पीडा चाकावरच्या थेंबांसारखी उडून जाते. चक्की बंद पडून बावीस वर्षं झाली. आता त्या नदीचंच पाणी भरायच्या आणि क्रुनाबाई दरवर्षी म्हणायच्या, "हे काही ते नव्हे."

पैज बघायला देसिमिर टोपीत फूल खोचून आला, तोवर ऊन बरंच चढलं होतं. विदानं दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. एक मिनिट झालं, तीन झाली, पाच झाली. पाटाकडे गेलेला कापडी नळा आपला चपटाच.

"स्वतःहून पाणी ओढतो म्हणालीस ना, वहिनी?" देसिमिर म्हणाला. "स्वतःहून विचार करतोय वाटतं."

बायका हसल्या. विदानं सांध्यांना साबणाचा फेस फासला. फेस कुठंच आत ओढला गेला नाही, म्हणजे हवा शिरत नव्हती. सील जळू नये म्हणून तिनं इंजिन बंद केलं. जाळी स्वच्छ होती. सूर्य डोक्यावर यायला लागला होता.

"अगं, नीट बघ की," क्रुनाबाई गर्दीतून पुढे आल्या. "मी तर सगळं घातलं होतं त्याच्यात."

"काय घातलं होतं, आई?"

"काय म्हणजे? वाळुंजाची पानं, सब्जाची डहाळी, लाल दोरा. आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या पाण्यात घालतो तेच. घागरीत घातलं, बादलीत घातलं, गुरांच्या डोणीत घातलं. मग इथं येऊन याचंही बूच उघडलं, पोटात पाणी होतंच. हा काय परका आहे? सहा महिने घरात राहिला."

मग देसिमिर जो हसत सुटला तो काठावर बसूनच. विदाला आधी रडू फुटलं, मग त्याच रडण्यातून हसू आलं. तिनं पाना घेतला, चार बोल्ट काढले, झाकण उघडलं. आतल्या पंख्याला लाल दोऱ्याचे वेढे पडले होते आणि पात्यांमध्ये पानांचा चोथा गच्च बसला होता. तिनं बोटांनी सगळं उपसलं, झाकण आवळलं, पोट पुन्हा भरलं.

"घंटेला पाच मिनिटं आहेत हं," देसिमिर डोळे पुसत म्हणाला.

दोरी. इंजिन घुमू लागलं. नळ्यातून आधी ढेकरा आल्या, मग फुसफुस, मग नळा एकदम ताठ झाला आणि पाटाच्या दगडावर पाणी असं आपटलं की शिंतोडे माणसाच्या उंचीएवढे उडाले. विदा ओरडली. काय ओरडली ते तिलाही सांगता आलं नसतं. पाणी पाटातून मिरचीच्या वाफ्यांकडे धावत सुटलं आणि वर देवळात घंटा झाली.

देसिमिरनं टोपी काढली. "हरलो," तो म्हणाला. "कुदळ कुठाय? खालचा बांध फोडायचा ना?" आणि सणाच्या कपड्यांत तो चिखलात उतरला.

क्रुनाबाई घागर घेऊन शिंतोड्यांत घुसल्या होत्या.

"आई, भिजाल! ते काही चक्कीचं चाक नाही."

"आत काहीतरी फिरतंय ना?"

"फिरतंय."

"पाणी त्याच्यावरूनच उडून येतंय ना?"

"हो."

"मग मला शिकवू नकोस."

बाकीच्या बायकांनाही तेवढंच पुरलं. घागरींची रांग लागली. क्रुनाबाईंनी मात्र आधी विदाला जवळ ओढलं आणि तिचं वंगणानं माखलेलं तोंड ओंजळभर पाण्यानं धुतलं, कानामागून हनुवटीपर्यंत, लहान पोरीचं धुवावं तसं. हे पाणी लेकींचं. विदा या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि चक्की चालू होती तेव्हाही घागरीतलं पाणी नणंदांवरच संपायचं. ती डोळे मिटून उभी राहिली. पाणी गार होतं. तिला खूप आनंद झाला होता आणि तो तिनं लपवला नाही.

"आणि ऐक," पदरानं तिचं तोंड पुसत क्रुनाबाई म्हणाल्या, "या मित्रोवला तो माझ्या खोलीत ठेव. त्याची दोरी मी ओढीन."