मल्हारीनं मोकळी केलेली बोटं

एखादं कोकरू पुढचे पाय मुडपूनच जन्माला आलं, की पुसेगावची माणसं मल्हारीला बोलावीत. तो त्याला मांडीवर घेई, तेलाचा हात लावून रोज थोडेथोडे पाय ओढी, आणि काही दिवसांत ते आईमागे उड्या मारू लागे. त्यामुळं शेळ्यांसाठी पाला तोडताना त्याचा पोरगा शिवहार लिंबावरून पडला आणि मानेचा मणका मोडून अंथरुणाला खिळला, तेव्हा आपण काय करायचं हे मल्हारीला कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

पोराचे पाय गेलेच होते. मनगट तेवढं वर उचलता यायचं. बोटं हलत नव्हती, उलट तळव्याकडं वळू लागली होती. मल्हारी सकाळ-संध्याकाळ मनगट मागं दाबून एकेक बोट सरळ करी. जरा ताठरपणा लागला, की त्याचा जीव खालीवर होई. त्याची बायको पंचफुलाबाई शेजारणींना सांगायची, आमच्या ह्यांच्या हाताला गुण हाय. पावसाळा सरेपर्यंत बोटं चामड्याच्या भिजल्या वादीसारखी मऊ झाली.

मग कुणीतरी हिंगोलीच्या साधनाबाईंचं नाव सांगितलं. त्या अशा आजारात हातपाय ताणून हालचाल शिकवीत. मल्हारी पोराला घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेला. वयानं पोरसवदाच, पण अंगाला हात लावायची रीत अशी, की मल्हारीला त्या आपल्यातल्याच वाटल्या. त्यांनी शिवहारचा खांदा फिरवला, कोपर ताणलं. सांधे छान राखलेत, म्हणाल्या. मल्हारीला बरं वाटलं. मग त्यांनी मनगट उचलायला सांगितलं. शिवहारनं उचललं, पण बोटं उघडीच राहिली. हातात दिलेला प्लास्टिकचा पेला घरंगळला. त्यांनी तो पुन्हा दिला. पुन्हा तेच.

शिवहारला व्हरांड्यात नेल्यावर त्यांनी विचारलं, "काका, याची बोटं कोण ताणतं?"

"मीच की. एक दिस चुकलो न्हाई."

बाईंनी पेला बाजूला ठेवला. मग सावकाश समजावून सांगू लागल्या. या दुखण्यात बोटं थोडी आखडू द्यायची असतात. आतल्या स्नायूंच्या दोऱ्या आखूड राहिल्या, की मनगट उचलताच बोटं आपोआप मिटतात. तेवढ्या पकडीवर माणूस पेला धरतो, भाकरीचा तुकडा स्वतः तोंडात घालतो. मनगट मागं दाबून बोटं ओढली, की त्या दोऱ्या सैल पडतात.

"आता व्हईल का बराबर?"

"बोटं मिटवून पट्टी बांधू. बघू. पण नक्की काही सांगता येत नाही."

"आन मी वढलीच नसती तर?"

बाईंनी पट्टी कशी बांधायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, शिवहारला तुम्हीच सांगा.

घरी आल्यावर मल्हारीनं सांगितलं. काही लपवलं नाही. शिवहार आढ्याकडं बघत ऐकत राहिला. पंचफुलाबाई चुलीपाशी होती, तिचा हात थांबला.

शिवहार म्हणाला, "आबा, मंग उद्यापसनं तुमी हात धरणार न्हाई?"

"न्हाई बाबा. काहून धरू आता?"

"आंगठ्याला कळतंय माझ्या. बाकीच्या बोटांना न्हाई, पर आंगठ्याला कळतंय. तुमी धरला की मला समजायचं." त्यानं मनगट उचलून हात बापापुढं केला. "वढू नका. नुसता धरा."

मल्हारीनं हात पुढं नेला. पण पट्टीपाशी पोचताच तो मागं घेतला. या हातांचा आता त्यालाच भरवसा उरला नव्हता.

"पंचफुले, तू धर गं त्याचा आंगठा," तो म्हणाला, आणि उठून मेंढरांकडं गेला.