बायबलमध्ये ठेवलेला माझा कागद

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझी टाकी निळी आहे, हेडलाइट जरासा डावीकडे बघतो, आणि मागे नंबरप्लेटची जागा आहे, नंबरप्लेट मात्र नाही. पॅसिफिक महासागरातल्या रारोटोंगा बेटावरच्या एका अंगणात, एका कबरीशेजारी मी उभी असते.

माझा जन्म जपानचा. तिथल्या एका चहामळ्याच्या मालकाने मला चौदा वर्षं चालवलं. चढाची वाट, धुकं आणि मागे पानांच्या करंड्या. रोज संध्याकाळी तो ओल्या फडक्याने माझा दिवा पुसायचा. हात थरथरू लागले तसं त्याने मला विकलं. निघताना माझ्याबरोबर एक कागद आला. तिथल्या नोंदवहीतून माझं नाव कमी केल्याचा तो दाखला. त्यावर माझा चेसिस नंबर होता आणि लाल शिक्का. परक्या देशात माझी नोंदणी व्हायची, तर तेवढाच एक पुरावा.

न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये जुन्या गाड्यांच्या दुकानात तेआवा नावाच्या माणसाने मला पाहिलं. मांसाच्या कारखान्यात अकरा वर्षं गारठ्यात उभं राहून तो आता कायमचा घरी, रारोटोंगाला निघाला होता. त्याने तिथूनच बायकोला, तेपाएरूला, फोन लावला.

"गाडी घेतली बरं का. आता बेटाला एक अख्खी फेरी मारायची. तू डबलसीट."

"माझी टोपी उडेल."

"मग हळू चालवीन."

जहाजातून उतरल्यावर त्याने मला सुरू केलं नाही. धक्क्यापासून घरापर्यंत सात किलोमीटर ढकलत नेलं. येणारेजाणारे हसत होते. "अहो, किक मारायची विसरलात काय?" तो घाम पुसत म्हणायचा, "आधी नाव लागू दे तिचं."

घरी आल्यावर माझा कागद त्याने आपल्या बायबलमध्ये ठेवला. त्या घरात चष्मा हरवायचा, किल्ल्या हरवायच्या, कोंबड्यासुद्धा हरवायच्या. त्या पुस्तकातलं मात्र कधी काही हरवलं नव्हतं.

सोमवारी नोंदणीच्या कचेरीत जायचं ठरलं होतं. शनिवारी अळूच्या वाफ्यात तो जरा खाली बसला, तो उठलाच नाही.

आमच्याकडे आपलं माणूस आपल्याच अंगणात पुरतात. तेपाएरूने शवपेटी बंद व्हायच्या आधी त्याचं बायबल स्वतःच्या हाताने त्याच्या छातीवर ठेवलं. उघडून पाहिलं नाही. मी तिथेच नीरफणसाखाली उभी होते. मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण मला बोलता कुठे येतं?

दोन महिन्यांनी कचेरीतला इओआने मला तपासायला घरी आला. चर्चमध्ये तो तिच्या मागच्याच बाकावर बसे. वाकून त्याने माझा चेसिस नंबर उतरवून घेतला.

"मावशी, आता कागद तेवढा द्या."

ती आत गेली. कपाट पाहिलं, पेटी पाहिली, गादी उचलली. मग बायबलच्या रिकाम्या फळीपुढे थांबली. बाहेर आली तेव्हा ती कबरीकडे बघत होती.

"कागद त्याच्याकडे आहे रे," ती म्हणाली.

इओआनेने टोपी काढली. तो बिचारा खटपटीला लागला. पण ऑकलंडचं दुकान बंद पडलं होतं, आणि जपानहून दुसरी प्रत मिळत नव्हती. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला.

"मावशी, राग मानू नका. कबरीवर अजून सिमेंट पडलेलं नाही. पाद्रीबाबांना विचारून... महिनाअखेर नोंदणी झाली नाही, तर गाडी भंगारात जाईल. नाहीतर मग लिहून द्यायचं की ही रस्त्यावर कधीच येणार नाही. एकदा दिलं की दिलं."

शेजारची पारेआ कुंपणावरून हसली. "इतका काय घोळ घालायचा गं! रविवारी अख्खं बेट चर्चमध्ये असतं, पोलीससुद्धा. मारून ये की फेरी!"

"पोलीस ज्याला भेटायला चर्चमध्ये जातो ना, पारेआ, तो रस्त्यावरही असतो."

तीन दिवस तेपाएरूने उपास धरला. पहाटे कबरीपाशी बसून ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना करी. खरं सांगते, मित्रांनो, मला वाटत होतं की माती उकरावी. फार नाही, समुद्राच्या कडेने एक फेरी मला हवी होती. या विचाराची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी तिने माणसं बोलावली. "घाला सिमेंट," ती म्हणाली. "त्याच्या छातीवरचं पुस्तक मी काढणार नाही." मग इओआनेच्या कागदावर तिने सही केली, आणि माझा रस्ता संपला.

त्यानंतर तिने मला ढकलत कबरीवर घातलेल्या छपराखाली आणलं. माझं पेट्रोल आटलं आहे, टायर बसले आहेत. बाहेरच्या रस्त्यावरून गाड्या जातात. त्यांना नंबर आहेत, हाक मारणारं कुणी आहे. माझ्याकडे कुणी बघत नाही.

फक्त रविवारी, चर्चहून आल्यावर, ती पांढऱ्या टोपीनिशी येऊन माझ्यावर बसते. पुढे नाही, मागे. हात पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवते आणि अगदी हलकेच म्हणते, "हळू हं." मग ओल्या फडक्याने माझा दिवा पुसते.

मित्रांनो, ज्याला आता कुठेच जायचं नाही, असं कुणीतरी तुमच्याही अंगणात उभं असेल. त्याच्यावरची धूळ तेवढी पुसत जा. तेवढ्यावर आठवडा निघतो.

तिची टोपी अजून एकदाही उडालेली नाही.